खंडेनवमीला धुतलेला फोन

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

आज बातमी द्यायची नाही असं ठरलं. मी नाही, अक्कानं ठरवलं. न्हाणीतून बाहेर आलो तर देवासमोर पाटावर हत्यारं मांडलेली. विळी, अडकित्ता, खुरपं, शैलाची शिवणाची कात्री आणि कडेला माझा फोन. कव्हर काढून, पाठीवर हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडू. हात पुढं केला तर हातावर चापट बसली. पन्नाशी ओलांडलेल्या वार्ताहराला थोरल्या बहिणीची चापट, तीही बायकोसमोर, शैलासमोर.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाय. उद्या सोनं वाटलं की घे."

हा तिच्या सासरचा, माकणीकडचा रिवाज. पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही. दाजी गेल्यापासून ती आमच्याकडं भूमला राहते, आणि तिच्यासोबत रिवाजही राहायला आलेत. म्हटलं, अक्का, हे हत्यार नव्हे गं. "मंग बातम्या कशानं करतूस? ह्यानंच की." पाठशाळेत तर्कशास्त्र शिकलो. अक्कापुढं पूर्वपक्ष मांडून होईपर्यंतच हरतो.

खरं तर बरंच वाटलं. अख्खा सप्टेंबर पुराच्या बातम्यांत गेला. हाच फोन दुधाच्या पिशवीत बांधून गुडघाभर चिखलातून हिंडलो, थेंब लागू दिला नाही. एक दिवस यंत्राला विश्रांती, आपल्यालाही. दुपारी घोरत झोपलो. (शै.च्या म्हणण्यानुसार.)

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

आपटा वाटून झाला. फोन उचलला. काळा. बटण दाबलं, काळाच. चार्जर लावायला गेलो तर खालच्या भोकातून एक थेंब ओघळला, कुंकवाचा रंग घेऊन.

"अक्का, हा पुसला होतास का?"

"पुसला कशाला? धुतला. हत्यारं धुतल्याबिगर पुजतेत व्हय? विळीला चिंच लावली. ह्याला न्हाय लावली, काच हाय म्हणून."

बादलीत बुडवून, दोन्ही बाजूंनी, जुन्या पातळाच्या फडक्यानं टिपून. माझ्याकडं बघत, अजिबात न घाबरता: "दुकानात त्या माणसानं असल्याच फोनवर गिलासानं पाणी ओतलं की माझ्यासमोर. म्हणला, मावशी, आंघोळ घाला, काय होत न्हाय."

असेल. जुलैत तिचे डोळे दाखवायला धाराशिवला गेलो, येताना फोन घेतला. ती आत खुर्चीवर बसली होती. मी दारात एका पुढाऱ्याला नमस्कार करत होतो. त्या नमस्काराची बातमीसुद्धा झाली नाही.

शैलानं फोन तांदळाच्या डब्यात पुरला. अक्का बघत होती. "हे काय आता?"

"चार्जिंग उतरलंय, अक्का."

तांदळात चार्जिंग होतं, ही नवी माहिती अक्कानं मान हलवून ऐकून घेतली. फसली नाही. जेवताना पुरणपोळी अर्धीच खाल्ली.

४ ऑक्टोबर, शनिवार.

तांदूळ वाळले. फोन नाही.

वॉरंटीचं पत्रक वाचलं, भिंग लावून. ब्रह्माची व्याख्या जशी नकारांनीच करतात तशी यांनी वॉरंटीची केली आहे. पाण्यानं बिघडला तर नाही. धुळीनं नाही. उष्णतेनं नाही. हवेतल्या दमटपणानं नाही. पंचमहाभूतांपैकी चार गेली. आकाशामुळं काही झालं तरच कंपनी जबाबदार. आकाशाला अजून त्यांच्या वकिलानं पाहिलेलं दिसत नाही.

आणि वेष्टनावर मोठ्या अक्षरांत काय? 'पाण्याची चिंता सोडा.' सोडली.

तूर्त शै.चा फोन वापरतोय. काच तडकलेली, फोटोत प्रत्येक अधिकाऱ्याच्या कपाळावर रेघ येते. तहसीलदारांची प्रतिक्रिया घेत होतो तेवढ्यात शै.च्या धाकट्या बहिणीचा कॉल. स्पीकर चालू राहिला. "ताई, शेपूची भाजी कडू का झाली गं?" तहसीलदार म्हणाले, हे छापू नका.

संध्याकाळी पेपरच्या डेस्कवरून फोन. फोटो असले का पाठवता म्हणून पाच मिनिटं बोलणी खाल्ली. अक्का दारात होती. सगळं ऐकलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

सोलापूर. भूम ते बार्शी उभं, बार्शी ते सोलापूर खिडकीपाशी. सेवा केंद्र थंडगार. टोकन. काउंटरवरची मुलगी शांत, नम्र, भिंतीसारखी.

तिनं फोन उघडला. आतली एवढीशी चिकटपट्टी दाखवली. "सर, ही पांढरी असते. पाणी लागलं की लाल होते. ही लाल झालीय."

"ते कुंकू असेल."

"कुंकू बाहेर आहे, सर. हे आतलं."

मग विचारलं, पाण्यात पडला का? सांगितलं, पडला नाही, धुतला. "म्हणजे चुकून?" नाही, मुद्दाम. पूजेसाठी. तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. हळू आवाजात म्हणाली, "सर, लोक घाम सांगतात. तुम्ही निदान घाम तरी म्हणायचं." पेपरात उमेदवारी केल्यापासून खरं लिहायची सवय; जी माणसं खोटं सांगतात त्यांना आपण 'सूत्र' म्हणतो. धुतला, असंच लिहा म्हटलं. तिनं टाइप केलं: ग्राहकाने स्वतः धुतला. वॉरंटी लागू नाही. आतलं सगळं बदलावं लागेल, त्यापेक्षा नवा घ्या.

घरी आल्यावर अक्कानं विचारलं. "दुरुस्तीला ठेवलाय," म्हटलं. दहा मिनिटांनी डबा काढायला तिनं माझी पिशवी उघडली. डब्याशेजारी फोन.

तिनं फोन तसाच राहू दिला. डबा घासला, पालथा घातला, आत जाऊन पडली.

खरं बोलायचं ते सेवा केंद्रात बोललो. खोटं घरी आणून टाकलं. बरोबर उलट करायला हवं होतं.

८ ऑक्टोबर, बुधवार.

अक्काची बॅग भरलेली. खाटेखाली.

"माकणीला जाते. घर बंद हाय, उंदरं झाली असत्याल."

तिथं तिचं कुणी नाही. मूलबाळ नाही. शेत वाट्यानं दिलंय. नळ दोन दिवसांआड. गुडघे असे की उंबरा ओलांडताना चौकट धरावी लागते. हे सगळं मी बोललो. ती बॅगेची चेन ओढत राहिली.

"तुमच्या घरात आता लई महागाच्या वस्तू झाल्यात, दत्तू. कशाला पाणी चालतंय, कशाला न्हाय, मला उमगत न्हाय."

सकाळपासून कशालाच हात लावत नाही. देवपूजा केली नाही. पाणी प्यायला तांब्या घेताना शैलाला विचारलं, "ह्यो घिऊ का?" शैला स्वयंपाकघरात येऊन माझ्यावरच बरसली. "मी त्यांना एक शब्द बोलले का? सांगा. बोलले असते तर बरं झालं असतं. भांडून मोकळ्या झालो असतो."

शेवटी भाऊबीजेचं निमित्त पुढं केलं. ओवाळायला तरी थांब. थांबते म्हणाली. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशीची सकाळची गाडी.

११ ऑक्टोबर, शनिवार.

धाराशिव, ते दुकान. विक्रेता तोच. केसांना जेल, शर्टावर कंपनीचा बिल्ला. तक्रार ऐकली आणि हसला.

"असं कोण सांगतं का, काका? आंघोळ घाला म्हणून? थोडं शिंतोडे-बिंतोडे चालतात म्हटलं असेन."

माझ्या बहिणीसमोर तुम्ही फोनवर पाणी ओतलं.

"ते डेमो पीसवर ओतलं. तुमच्यावर थोडंच ओतलं?"

म्हणजे ओतलं. बोलून गेला आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. त्याच्या मागं भिंतीवर हे भलं मोठं चित्र: फोन पाण्यात, भोवती मासे, मासे खूश. शै.च्या फोनवर फोटो काढला. माशांच्या कपाळावर रेघ.

ओतलं हे तो ग्राहक आयोगात कबूल करणार नाही. मी पाहिलेलं नाही. पाहणारी एकच. आणि ती बॅग भरून बसलीय.

२१ ऑक्टोबर, मंगळवार.

लक्ष्मीपूजन. वही, पेन, शै.चा फोन. अक्का लांब बसून म्हणाली, "तूच लाव कुंकू. म्या न्हाय." कुंकू मीच लावलं.

यंदा तालुक्यात फटाके कमीच. पुरात ज्यांची जमीन खरवडून गेली त्यांच्या दारात पणती लागली हेच पुष्कळ. त्यांच्या बातम्या लिहून घरी येतो आणि एका फोनसाठी दात-ओठ खातो. प्रमाण कळतं. राग तरीही जात नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

ओवाळून झालं. विचारलं, ओवाळणी काय घालू?

"उद्याच्या गाडीत बसवून दे."

शैला तिथंच होती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "अक्का, गाडी कुठं पळून जात नाही. पण त्या दुकानदारानं काय केलं म्हाईताय का? पाणी ओतलंच नाही म्हणतोय." (ओतल्याचं त्यानं मला सांगितलं होतं. शैला बातमी लिहीत नाही ते बरं.)

अक्काची ताम्हणावरची बोटं थांबली. "ओतलं न्हाय?"

"न्हाय म्हणतोय. तुम्ही मनानंच धुतला म्हणतोय. ह्यांना विचारून काय उपयोग? हे दारात हात जोडत उभे होते. बघितलं तुम्हीच."

"गिलास इस्टीलचा होता," अक्का म्हणाली. "त्याच्यातलं उरलेलं पाणी त्यानं पुन्हा जारात वतलं. म्या म्हणले बी, ह्यो उष्टं पाणी जारात वततोय बघा."

तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती पूर्ण आवाजात बोलली. मी आयोगाचं सांगितलं. तक्रार करायची, वकील लागत नाही, पण साक्ष लागेल. तिची. आवाज परत खाली गेला. "कोर्टात? म्या? चारचौघांत सांगू की फोन म्या धुतला?" नको म्हणाली. तीनदा. उठून आत गेली.

मग आतूनच: "पर तो खोटं का बोलावा?"

२५ ऑक्टोबर, शनिवार.

कालची गाडी गेली. अक्का गेली नाही. बॅग खाटेखाली तशीच, भरलेली. "केस हुईस्तवर थांबते," म्हणाली. "नंतर मात्र अडवायचं न्हाय." बरं म्हटलं.

आज सकाळी देवपूजा तिनं केली. शैला मुद्दाम उशिरा उठली.

१० नोव्हेंबर, सोमवार.

शपथपत्र. मी लिहून आणलं: 'सदर भ्रमणध्वनी यंत्राचे जलाने प्रक्षालन करून विधिवत पूजन केले.' अक्काला वाचून दाखवलं.

"हे कोण बोललं?"

तू.

"म्या असं कधी बोलले? कोर्टाला वाटंल दुसऱ्या कुणी धुतला. लिही, धुतला."

खोडलं. लिहिलं, धुतला. मग तिनं उष्ट्या पाण्याचा जार घालायला लावला, स्टीलचा ग्लास घालायला लावला. चिंच लावली नाही हेही. "ते आधी घाल. माणूस किती जपून वागला हे कळाया पायजे." पाठशाळेतल्या गुरुजींनीसुद्धा माझं इतकं खोडलं नव्हतं, आणि लिहिलेलं इतकं सुधारलंही नव्हतं.

नोटरीनं वकिली कोटात, रस्त्यावरच्या टेबलावर मोठ्यानं वाचलं. चार माणसं जमली. अक्का आधी पदर तोंडावर घेऊन उभी. चिंचेपाशी आल्यावर जमलेल्यातला एक म्हातारा म्हणाला, "बराबर हाय की, काचंला चिंच लावत न्हाईत." अक्कानं पदर खाली घेतला.

दुपारी एकट्यानं धाराशिवला जाऊन तक्रार दाखल केली. आयोगातले कारकून भले. जाता जाता म्हणाले, "शपथपत्र आहे ना, मग आजींना तारखेला आणायची गरज नाही. सहसा तोंडी विचारत नाहीत."

हे घरी सांगितलं नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार. पहिली तारीख.

अक्का पहाटेपासून तयार. बॅगेतून इरकल पातळ काढलं, दाजींनी घेतलेलं. बसमध्ये सारखं पुटपुटत होती, इस्टीलचा गिलास, जार, चिंच.

कंपनीचे वकील आले, उत्तर द्यायला मुदत मागितली, मिळाली. सगळं मिळून चहा गार व्हायलासुद्धा पुरला नसता इतका वेळ. यासाठी भूमहून धाराशिव, दिवसाचं काम बुडवून, डेस्कची शिवी खाऊन. दुकानदार आलाच नाही. संताप संताप झाला. निघताना अक्काला म्हटलं, तुला कुणी काही विचारलंच नाही गं.

"न्हाय इचारलं तर न्हाय. त्या बाईचं फ्रीज बघ, दोन वरसं झाली, बरफच हुईना." बाकावर शेजारी बसलेल्या बाईची केस तिनं अथपासून इतिपर्यंत काढून घेतली होती. परतीच्या वाटेत मला तेच ऐकावं लागलं. फ्रीजवाल्या बाईची सून कशी आहे, तेही.

रात्री जेवताना शैलाला सगळं परत. हातवारे करून. शैला हसली, अक्काही. मी एकटाच चिडलेला.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

अक्कानं शैलाच्या मैत्रिणींना हळदीकुंकवाला बोलावून घेतलं, शैलाला न विचारता. शैला दिवसभर फणफणत होती. "निदान सांगायचं तरी!" फार दिवसांनी त्या दोघी नीट भांडल्या. तिळगूळ त्यामुळं उशिरा मिळाला, पण मिळाला.

३० जानेवारी, शुक्रवार. दुसरी तारीख.

पुन्हा तारीख. यावेळी कंपनीच्या वकिलांची कागदपत्रं अपुरी. पुढची मार्चात. अक्का आज बॅगेतलं हिरवं पातळ नेसून आली होती. ("तेच तेच नेसून कोर्टात जावं व्हय?")

मी पायऱ्या उतरत असताना वकिलांनी मला बाजूला घेतलं. तरुण आहे, बोलायला गोड. "सर, तुम्ही पत्रकार आहात, कशाला ताणता? कंपनी अर्ध्या किमतीत नवा फोन द्यायला तयार आहे. तक्रार मागं घ्या. संध्याकाळी फोन करतो, हो म्हणा, विषय संपला."

विषय संपला. चार महिने हे तीन शब्द ऐकायला तडफडलो. पुराचे काढलेले फोटो परत यायचे नाहीत, ते गेलेच. पण नवा फोन, बिनरेघेचे अधिकारी, डेस्क गप्प, तारखा बंद. आणि केस संपली की... "नंतर मात्र अडवायचं न्हाय."

बसमध्ये अक्कानं विचारलं, "काय म्हणला रे तो काळा कोटवाला?" म्हटलं, काही नाही, तारखेचंच. तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. येडशी मागं पडल्यावर म्हणाली,

"दत्तू, साक्षीदाराला दर तारखेला यायला लागत न्हाय म्हणं."

विचारलं, कोण म्हणालं?

"फ्रीजवाली. पयल्याच तारखेला सांगितलं तिनं."

पयल्याच तारखेला.

घरी आलो. शैलाला स्वयंपाकघरात वकिलाचं सांगितलं, हळू आवाजात. ती पोळी लाटता लाटता थांबली. "मग? हो म्हणणार?" तुला काय वाटतं? "मला तुमचा तडकलेला... माझा तडकलेला फोन परत हवाय," म्हणाली. मग पोळी उलटली. "पण घाई नाही."

बाहेर अक्का खाली बसून खाटेखालची बॅग ओढत होती. गुडघ्यानं साथ देईना म्हणून मी ओढून दिली. हलकी लागली. तिनं तळाशी हात घालून सुती पातळ काढलं, झटकलं, उजेडात धरून बघितलं.

"मार्चात ऊन लई असतंय," म्हणाली. "शैले, ह्याला जरा इस्त्री करून ठिव गं."

शै.चा फोन वाजला. पडद्यावर तडा, तड्याखाली वकिलांचा नंबर. अक्कानं फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. शैलानं पिठाचा हात पदराला पुसला, फोन उचलला, आणि वाजत असतानाच तांदळाच्या डब्यावर पालथा घालून ठेवला.